जागलीत ऐकलेली सतार

डिसेंबर १९९० मध्ये मी नववीत होतो. तूर शेंगांवर आली होती आणि नाल्याकडून रानडुकरं रोज रात्री वावरात घुसत होती. त्या महिन्यात बाबांसोबत जागलीला जायचं काम माझ्याकडे आलं. लाकडी माळा, खाली शेकोटी, हाताशी पत्र्याचा डबा आणि बाबांचा रेडिओ. डबा डुकरांसाठी, रेडिओ आम्हाला झोप लागू नये म्हणून. रात्री आपली केंद्रं बंद झाली की बाबा काटा शॉर्टवेव्हवर नेत आणि जे लागेल ते ऐकत बसत. भाषा कोणती याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माणसाचा आवाज येत राहिला पाहिजे, एवढंच.

अशाच एका रात्री बीबीसीवर इंग्रजी गाणं लागलं आणि त्यात सतार वाजली.

बाबा उठून बसले. "हे तं आपलंच वाजून रायलं बापू!" म्हणाले. मीही कान लावला. गाणारा इंग्रज, गिटार इंग्रजी, आणि त्यातून सतारीची ती झिणझिण चाल पुन्हा पुन्हा वर येत होती. दोनेक मिनिटांत गाणं संपलं. निवेदक भरभर काही बोलला, मग खरखर सुरू झाली. त्याच्या बोलण्यातला एकच शब्द मला कळला, कारण तो आमच्या भूगोलात होता : लिव्हरपूल.

शाळेनं सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण मागितली, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. दारव्ह्याजवळच्या आपल्या या शाळेत मला बीटल्स, म्हणजे लिव्हरपूलच्या चार पोरांचा तो बँड, भेटले. गाणं जागलीत ऐकलं, पण ते कोणाचं, कुठून आलं आणि त्याच्या मागे कसं लागायचं, हे सगळं या चार खोल्यांमध्ये घडलं.

दुसऱ्या दिवशी मी भूगोलाच्या सरांना लिव्हरपूलबद्दल विचारलं. त्यांना गाण्यातलं काही माहीत नव्हतं, पण नकाशा खाली ओढून त्यांनी छडी थेट त्या बंदरावर ठेवली. "तुह्या आज्या-पणज्याचा कापूस इथं उतरत होता," म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून जहाजं लिव्हरपूलला जात. तिथल्या बाजारात आपल्या कापसाला 'उमरा' म्हणत, अमरावतीच्या नावावरून. वर्गात सगळे कापूसवाल्यांची पोरं. ज्या बंदराला आपल्या गावाच्या कापसाचं नाव ठाऊक होतं, तिथल्या पोरांचं गाणं आपल्याकडे उलट आलं, हे माझ्या मनात त्या तासाला जे बसलं ते बसलंच.

इंग्रजीच्या मॅडमना मी गाणं गुणगुणून दाखवलं. सतार म्हटल्याबरोबर त्या हसल्या. "मग तो जॉर्ज हॅरिसन." बीटल्सचा गिटारवाला. गाण्याचं नाव 'नॉर्वेजियन वूड', १९६५ सालचं. पाश्चात्त्य रॉक गाण्यांत सतार इतकी ठळक ऐकू आली ती या गाण्यापासून. हॅरिसन तेव्हा सतारीत अगदी नवखा होता. पुढच्याच वर्षी तो पंडित रविशंकरांकडे शिकायला मुंबईला आला. मॅडम नागपूरच्या. त्यांना ही गाणी मोठ्या भावाकडून मिळाली होती, त्या भावाला कोणा मित्राकडून. सोमवारी त्यांनी कॅसेट आणली.

शाळेचा टेपरेकॉर्डर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीलाच कपाटातून निघायचा. मॅडमनी तो शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात आणवला आणि शिपाईकाकाही दाराशी उभे राहून ऐकत होते. बहुतेकांना कंटाळा आला. ते मी समजू शकतो. आम्हाला इंग्रजीत सही करताना हात कापायचा, तिथं लिव्हरपूलच्या लहेजातलं इंग्रजी काय कळणार? पण बाकावरचा माझा जोडीदार आणि मी घंटा झाल्यावरही उठलो नाही. मॅडमनी आम्हाला कॅसेट घरी नेऊ दिली.

शब्द कळत नव्हते म्हणून जोडीदारानं स्वतःचे घातले. 'यस्टरडे' हे गाणं तो 'पऱ्हाटी' म्हणून गायचा. म्हणून पाहा, तीनच अक्षरं, चालीत नेमकी बसतात. पुढे पऱ्हाटीला बोंडं किती, वेचणीला बाया किती, असं तो जोडत जायचा, आणि सूर मात्र कुठंही सोडायचा नाही. फार वर्षांनी मला कळलं की हे गाणं रचणाऱ्या बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला ही चाल झोपेत सुचली होती आणि खरे शब्द सापडेपर्यंत तो 'स्क्रॅम्बल्ड एग्ज', म्हणजे अंड्याची भुर्जी, असे शब्द घालून ती गात असे. मी जोडीदाराला लगेच फोन केला. तो म्हणाला, "म्हंजे आपून बराबर होतो ना बे."

त्या हंगामात आमच्या दोघांच्याही घरच्या बंड्या कापूस घेऊन खरेदी केंद्राच्या रांगेत लागल्या. रात्रभर मुक्काम. बैल सोडलेले, बंडीखाली कंदील, आणि कापसाच्या ढिगावर आम्ही दोघं, मध्ये त्याच्या मामाचा टेपरेकॉर्डर. सकाळी ग्रेडर आला. त्यानं कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, धाग्याची लांबी पाहिली आणि प्रत ठरवली. बाबा त्याच्या बोटांकडे श्वास रोखून पाहत होते. ते दृश्य मी इथं मुद्दाम सांगतोय. पुढे बीटल्सबद्दल मिळेल ते वाचायला लागलो तेव्हा समजलं की पॉलचे वडील जिम मॅकार्टनी लिव्हरपूलमध्ये कापसाच्या दलालांकडे कामाला होते. पोरवयात नमुने पोचवणारा पोऱ्या म्हणून लागले आणि पुढे विक्रेते झाले. फावल्या वेळात पियानो आणि ट्रम्पेट वाजवायचे, तरुणपणी स्वतःचा जॅझ बँडही चालवला. घरातला पियानो पॉलनं त्यांच्याचमुळे ओळखला. आमच्या वावरातलं बोंड त्यांच्या हाती गेलं असेल असं मी म्हणत नाही. पण कापसाचा धागा बोटांत धरून ओढणारा माणूस त्या घरात होता, आणि त्या बोटांची किंमत आमच्या घराला ठाऊक होती.

मॅडमच्या कॅसेटवर सगळी गाणी नव्हती. बाकीची हवी तर यवतमाळला जायचं, तिथं कोरी कॅसेट दिली की यादीप्रमाणे भरून देणारं दुकान होतं. आम्ही वेचणीचे पैसे जमवले आणि शकुंतलेनं, म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेनं, निघालो. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावलं, नव्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. कापूस न्यायला घातलेली ती नॅरोगेज लाइन, आणि आम्ही तिच्यावरून गाणी आणायला गेलो. कॅसेट भरून व्हायला संध्याकाळ झाली, परतीची गाडी चुकली, रात्र स्टँडवर काढली. घरी मार बसला. त्याची मला तेव्हाही खंत वाटली नाही.

पॉलनं सांगितलेली एक गोष्ट मला म्हणूनच फार जवळची आहे. गिटार शिकत असताना त्याला आणि मित्रांना बी सेव्हन नावाची एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, येत नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाला ती येते असं कळलं, तर ही पोरं बस बदलत तिथं गेली, कॉर्ड शिकली आणि परत आली. त्यांची वयं पाहा. ६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलमधल्या वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत पॉल आणि बँडमधला त्याचा जोडीदार जॉन लेनन पहिल्यांदा भेटले, तेव्हा एक पंधरा वर्षांचा, दुसरा सोळा. जॉर्ज पॉलच्याच शाळेतला, एक इयत्ता मागे, दोघांची ओळख शाळेच्या बसमध्ये झालेली. नववी-दहावीची पोरं. मॅडमनी हे सांगितलं त्या दिवसापासून टेपमधले ते चौघे मला परके वाटेनात.

आणि तोवर तो बँड संपून वीस वर्षं झाली होती. १९७० मध्ये ते वेगळे झाले, लेनन ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये गोळ्या लागून गेला. माझ्या रेडिओवर ते गाणं बहुधा त्याच्या दहाव्या स्मृतिदिनाच्या निमित्तानंच लागलं असावं. आम्हाला हे उशिरा समजलं. जोडीदार दिवसभर बोलला नाही. ज्याच्यासाठी आपण रात्रभर स्टँडवर बसलो तो माणूस आपण शाळेतही जात नव्हतो तेव्हाच गेला होता, याचं दुःख कोणाला सांगायचं तेही कळत नव्हतं. आम्ही मॅडमना सांगितलं. त्यांनी ते दुःख खरं मानलं, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

हे लिहिताना आमच्या १९९२ च्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, तुम्हाला हे लोक कुठं भेटले? वाटलं होतं, कोणी उत्तर देणार नाही. रात्री अकरापर्यंत मेसेज येत होते. शनिवारच्या त्या तासाला कंटाळलेल्यांपैकी एकाला नागपूरच्या होस्टेलवर शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून रोज सकाळी 'हिअर कम्स द सन' ऐकू यायचं. चार महिन्यांनी त्यानं दार ठोठावलं, ते भांडायला नव्हे, नाव विचारायला. एक मैत्रीण सासूबाईंना घेऊन हरिद्वार-ऋषिकेशला गेली होती. गंगेच्या काठी महर्षी महेश योगींचा पडका आश्रम पाहायला गेली आणि तिथं कळलं की १९६८ च्या फेब्रुवारीत हे चौघे इथं ध्यान शिकायला आले होते आणि त्यांनी इथं कितीतरी गाणी रचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीस गाण्यांचा जोड अल्बम निघाला, त्यातली बरीच तिथलीच. घरी येऊन तिनं तो अख्खा ऐकला, स्वयंपाक करता करता, तीन दिवस. आणखी एकीला तिच्या लेकीनं इअरफोनची एक बाजू दिली, एसटीत, पंचेचाळिसाव्या वर्षी.

सगळे मेसेज वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालं. एकट्यानं शोधून चाहता झालेला आमच्यात कोणीच नाही. गाणं कानावर पडणं वेगळं, ते माझ्याही कानावर नुसतं पडलंच होतं. कोणीतरी नाव सांगितलं, कॅसेट हातात दिली, शेजारी बसून ऐकलं, तेव्हा ते आपलं झालं. बियाणं जसं पूर्वी गावात या घरून त्या घरी जायचं, तसं. आता फोनवर सगळी गाणी एका बोटावर आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. तरी आजच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की एखादं गाणं मनात बसलं तर ते बाकावरच्या जोडीदाराला ऐकवा आणि तो ऐकत असताना गप्प बसा.

माझा जोडीदार गावातच आहे. तीच शेती, तोच धुरा, नाला आटला तरी डुकरं येतातच. गेल्या आठवड्यात त्यानं जागलीतून व्हॉइस मेसेज पाठवला : लांबवर कुत्री भुंकतायत, शेकोटीत तुऱ्हाटी तडतडतेय आणि तो 'पऱ्हाटी' गातोय, अजूनही सुरात. शेवटी विचारतो, "आपली वाद्यं असलेलं दुसरं कोनतं हाय बे?"

मी त्याला 'द इनर लाइट' पाठवलं. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसननं त्याचं वादन मुंबईत, आपल्या वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं होतं, हेही लिहिलं. निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून नाही, त्याच्याकडे वेचणी सुरू आहे.