त्याच रात्री फोटो बघता यावेत म्हणून: लहान लॅपटॉपची आठ महिन्यांची नोंद

सुरुवात भिगवणपासून करतो, कारण हा सगळा खटाटोप तिथल्या एका सकाळमुळे सुरू झाला. गेल्या वर्षी दोन दिवस तिथे होतो. पहाटे उजनी धरणाच्या फुगवट्यात होडी काढली, उजाडता उजाडता रोहित पक्ष्यांचा थवा उठला आणि मी शटरवरचं बोट काढलंच नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो सुरेख दिसत होते. मुलुंडला घरी येऊन मॉनिटरवर उघडले, तर उडत्या पक्ष्यांचा जवळजवळ प्रत्येक फोटो हललेला. शटर १/४०० सेकंदावरच राहिलं होतं, उडत्या पंखांना ते फार सावकाश. पहिल्या संध्याकाळी हे कळलं असतं, तर दुसरी सकाळ हातात होती.

कॅमेऱ्याचा पडदा असं का फसवतो, हे नंतर कागदावर मांडून पाहिलं. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. मागच्या तीन इंची पडद्याबद्दल '१०.४ लाख डॉट' लिहिलेलं असतं, पण एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात. म्हणजे खरे पिक्सेल ७२० बाय ४८० एवढेच. फोटो आठपटीहून जास्त आक्रसून समोर येतो, आणि इतका आक्रसला की हललेलाही धारदार दिसतो. झूम करून बघता येतं, मान्य. पण दिवसाचे चारशे फोटो त्या चिमुकल्या पडद्यावर एकेक करून झूम करून बघणारा मला अजून भेटलेला नाही.

जानेवारी: खरेदी

अट एवढीच होती की सॅकमध्ये कॅमेऱ्यासोबत मावला पाहिजे आणि हरवला, भिजला तरी महिनाभर झोप उडायला नको. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. तिसऱ्या दुकानात ११.६ इंची, सव्वा किलोचा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला लॅपटॉप मिळाला. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, तीही बोर्डावरच पक्की, वाढवायची सोय नाही.

"दादा, बॅटरी किती चालेल?"

"खरं सांगू? दीड तास. नवीन टाकून हवी असेल तर त्याचे वेगळे पडतील."

खरं सांगितलं म्हणून तिथेच घेतला. ८,२०० रुपये, नवी बॅटरी आणि फाइली साठवायला २४० जीबीची साटा एसएसडी वेगळी. जुना घेणाऱ्यांनी सोबत पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड न्यावं, प्रत्येक पोर्टमध्ये घालून बघावं आणि झाकण दहा वेळा उघडून मिटावं. अशा लॅपटॉपची बिजागरीच आधी जाते.

फेब्रुवारी: घरची जुळवाजुळव

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली, एक्सएफसीई या हलक्या प्रकारातली, कारण ४ जीबी रॅमवर तेच निवांत चालतं. फोटो चाळायला आणि सुधारायला डार्कटेबल हे सॉफ्टवेअर. इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण स्वस्त लॅपटॉपवर सगळं हिच्यावर उभं आहे.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, उघडून तिचं पूर्ण चित्र तयार करायला या प्रोसेसरला दर फोटोला आठ-दहा सेकंद लागतात. चारशे फोटोंना सुमारे तासभर. पण जवळजवळ प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेली एक जेपेगही असते. डार्कटेबलच्या सेटिंगमध्ये लाइटटेबलसाठी, म्हणजे फोटो चाळायच्या खिडकीसाठी, रॉऐवजी ही आतली जेपेगच वापरायला सांगता येतं. तेवढं केलं आणि फोटो भराभर पालटायला लागले. १ ते ५ आकड्यांनी तारे द्यायचे, आर दाबून नाकारायचं. चारशे फोटो चाळायला आता पाऊण तास लागतो, आणि त्यातला बहुतेक वेळ मी विचार करण्यात घालवतो.

हे तारे फोटोशेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात. घरी आल्यावर फोल्डर जसाच्या तसा मोठ्या संगणकावर उतरवला की तारेही सोबत येतात, म्हणजे प्रवासात केलेली निवड पुन्हा करावी लागत नाही.

कार्ड उतरवण्याचा घोळ सोडवायला मात्र आठवडा गेला. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेतून सेकंदाला २० एमबी यायचे, ३२ जीबीला सत्तावीस मिनिटं. आधी कार्डावर संशय घेतला, तो खोटा ठरला. ती खाच आतून यूएसबी २ ला जोडलेली निघाली. बाहेरचा यूएसबी ३ रीडर निळ्या पोर्टात लावल्यावर तेच कार्ड ८० च्या वेगाने, सात मिनिटांत उतरलं.

पडदा टीएन जातीचा, १३६६ बाय ७६८. मान हलवली की सावल्या फिकट होतात किंवा काळ्या होतात. म्हणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्ट्यांचं एक चित्र बनवून तोच वॉलपेपर ठेवलाय. बसलो की आधी सगळ्यांत गडद दोन पट्ट्या वेगळ्या दिसेपर्यंत झाकण मागेपुढे करतो, मग फोटो उघडतो. रंगांचा निर्णय या पडद्यावर घ्यायचाच नाही. उजेड बरोबर आहे का ते हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, सांगतो, फोकस आहे का ते शंभर टक्क्यांवर बघितलं की कळतं. प्रवासात तेवढं पुरतं.

मार्च: भांडुप पंपिंग

ठाण्याच्या खाडीकाठची ही जागा घरापासून रिक्षाने जवळच. भरतीचं कोष्टक बघून निघालो. ओहोटीला रोहित दूरच्या चिखलावर चरत असतात, पाणी चढायला लागलं की ते त्यांना काठाकडे ढकलतं, आणि फोटोचा खरा वेळ तोच. ठाण्याची ही खाडी २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तरी मागे उंच इमारती आणि पुढे गुलाबी रेघ हे दृश्य अजूनही दर वेळी थबकवतं.

नऊ वाजता चहाच्या टपरीशेजारी लॅपटॉप उघडला, तर उन्हात पडद्यावर माझाच चेहरा दिसत होता. तेव्हापासून बायकोची जुनी काळी ओढणी सॅकमध्ये असते. डोक्यावरून घेतली की आत छान अंधार होतो. त्या अंधारात कळलं की १/१२५० लासुद्धा पंखांची टोकं हलताहेत. परत काठावर गेलो, शटर १/२००० केलं. पाणी अजून उतरलं नव्हतं. त्या दुसऱ्या फेरीतले सहा फोटो मी ठेवले आहेत.

जुलै: आंबोली

खरी परीक्षा ही. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस पकडली, सावंतवाडी रोडला उतरलो, तिथून एसटीने घाट चढून वर. लॅपटॉप झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या. मुंबईत लेन्सला बुरशी लागलेली ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जायचं होतं मलबार ग्लायडिंग बेडकासाठी. हिरवागार बेडूक, बोटांमधले पडदे केशरी-लाल, आणि पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं. पिल्लं वाढली की तिथून थेट खाली पाण्यात पडतात. पहिल्या रात्री तीन बेडूक मिळाले. ते बसले होते तिथेच राहू दिले, हात लावला नाही. २१२ फोटो काढले. कॅमेऱ्यावर सगळे उत्तम.

साडेअकराला मुक्कामी आलो तर वीज गेलेली. घरमालक काका कंदील घेऊन ओट्यावर बसले होते. म्हणाले, "पावस काय थांबाचो नाय आज. आदी जेवान घेवा, मगे तुमचा काय ता बघा." जेवलो आणि बॅटरीवर लॅपटॉप लावला. शंभर टक्क्यांवर बघितलं, तर पहिल्या ऐंशी फोटोंत नाकपुडी अगदी लख्ख आणि डोळा मऊ. लेन्सचं छिद्र एफ/८ ला, आणि इतक्या जवळून की सेन्सरवर बेडूक खऱ्या आकाराच्या निम्मा उमटतो, तेव्हा फोकसची खोली जेमतेम दोन मिलिमीटर असते, आणि बेडकाचा डोळा नाकपुडीच्या बराच मागे. दुसरी चूक म्हणजे ओल्या कातडीवर फ्लॅशचे पांढरे चट्टे, हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकलेला, म्हणजे तिथला तपशील जळालेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते चट्टे मला थेंबांची चमक वाटले होते.

सकाळी काकांकडे पांढरा पातळ फोम आहे का विचारलं. त्यांनी माळ्यावरून टीव्हीचं खोकं काढलं, त्यात होता. तो दुहेरी करून फ्लॅशपुढे कमानीसारखा बांधला. फोकसची खोली वाढावी म्हणून छिद्र लहान करून एफ/१३ केलं, फोकस एकदा ठरवून रिंगला हात लावायचा नाही आणि डोळा धारदार दिसेपर्यंत अंगच पुढेमागे झुलवायचं, असं दिवसभर शेवाळलेल्या दगडावर घोटलं.

दुसऱ्या रात्री ९४ फोटो काढले. त्यातल्या ३१ मध्ये डोळा हवा तसा आहे, आणि एकात बुबुळातली सोनेरी जाळी मोजता येते. तो फोटो भिंतीवर लागलाय. दोन रात्रींत पावणेचार तास लॅपटॉप बॅटरीवर चालला, दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आल्यावर चार्ज केला. आंबोली टोड यंदा दिसला नाही. २००९ मध्ये ज्याला शास्त्रीय नाव मिळालं तोच हा टोड. त्याचा मोसम पहिल्या पावसाचा, आणि मी महिनाभर उशिरा पोचलो होतो.

प्रतींचं सांगायचं राहिलं. रोज रात्री एक प्रत लॅपटॉपवर आणि एक छोट्या बाहेरच्या एसएसडीवर, ती खिशात. लॅपटॉप सॅकमध्ये. आरसिंक या प्रती करणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही प्रती चेकसम लावून, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा ताडून, जुळवतो, आणि कार्ड घरी येईपर्यंत फॉरमॅट करत नाही. चार कार्डं नेतो त्याचं कारण हेच.

ऑगस्ट: काय बाकी आहे

डार्कटेबलमधून एक फोटो पूर्ण करून बाहेर काढायला अजून दीड मिनिट लागतं. घरच्यांना पाठवायला दोन-तीन फोटो ठीक, त्याहून जास्त मी प्रवासात करत नाही. चार्जर मात्र जड आहे आणि गोल पिनेचा, म्हणून पॉवर बँक चालत नाही. टाइप-सी पीडी, म्हणजे पॉवर बँकेतून जास्त व्होल्टेज देणारी सोय, तिच्यावरून गोल पिनेवर नेणारी वायर मिळते. व्होल्टेज जुळणारी आणली आहे, येत्या रविवारी घरी लावून बघतो. ती चालली तर पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर, आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, टोडसाठी जायचं आहे. तुतारीचं आरक्षण सुटलं की लगेच करणार.