पाळणाघर सहाला बंद, ऑफिस साडेसहाला सुटतं

बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, 12 चे 26 आठवडे झाले, त्याची बातमी घरोघरी पोचली. त्याच दुरुस्तीत पाळणाघराचं कलमही आलं, 11-अ, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे मालकाने पाळणाघराची सोय करायची, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यायचं, आणि हे नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवायचं. माझ्या नेमणूकपत्रात गोपनीयतेवर दीड पान होतं, पाळणाघरावर एक ओळही नाही.

रजा संपली तेव्हा आई स्वतः नोकरीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. घराजवळचं पाळणाघर चांगलं होतं, ताई मायाळू, पण संध्याकाळी सहा म्हणजे सहा. उशीर झाला तर त्या काही बोलायच्या नाहीत. लेकीला टोपी घालून, पिशवी भरून, तिला कडेवर घेऊन दारात उभ्या असायच्या. साहेबांच्या बोलण्याने मी जेवढी वरमले नसेन तेवढी त्या उभं राहण्याने वरमायचे.

मग मी पाचला निघू लागले. पगार तोच, हुद्दा तोच. पण साडेपाचच्या मीटिंगा माझ्याशिवाय व्हायला लागल्या, पुढे त्यातले निर्णय, पुढे मोठे क्लायंटही. कुणी काढून घेतलं नाही, सगळं आपोआप सरकत गेलं. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्या कामाविषयी वाचलं: एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जो फरक दिसतो, तो बहुतांशी पहिल्या मुलानंतर पडतो. मला त्यात नवीन काही वाटलं नाही. शेजारच्या टेबलवरच्या मुलीने तर थेट राजीनामाच दिला. कारणाच्या रकान्यात तिने ‘वैयक्तिक’ लिहिलं.

एचआरचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: ‘मॅडम, आपल्याकडे लहान मुलांच्या आया आहेतच किती? 50 कुठे भरतात?’ कलमात आयांची मोजणी नाही, एकूण कर्मचाऱ्यांची आहे. पुरुष धरून. मी कलमाचा मजकूर मेलमध्ये चिकटवून पाठवला. त्यानंतर जागेचा प्रश्न निघाला, मग जबाबदारीचा, मग खर्चाचा. खर्चाचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही. पाळणाघराचा सगळा भार एकट्या मालकावर टाकला की मुलाखतीला आलेल्या तरुण मुलीकडे तो कुठल्या नजरेने बघणार, हे सांगायला नको. सरकारने यात हात लावायला हवा होता.

वाट कलमातच सापडली. स्वतःचंच पाळणाघर हवं असं नाही, सामाईकही चालतं. आमच्या इमारतीत बाकीच्या मजल्यांवर इतर कंपन्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायकांना गाठलं, तर प्रत्येक मजल्यावर एखादी तरी घड्याळाकडे बघत बसलेली. त्यांच्याही एचआरला आमच्यासारखेच मेल जायला लागले. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एका पाळणाघराशी कंपन्यांनी मिळून करार करायचं ठरलं. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अंतर 500 मीटरच्या आत सांगितलंय. त्यामुळे अ‍ॅडमिनचे साहेब फोनवर नकाशा लावून गेटपासून स्वतः चालत गेले. अंतर भरलं, फाइल हलली.

करारात आम्ही दोन गोष्टींवर अडून बसलो. एक, बंद होण्याची वेळ साडेसात. दोन, ‘महिला कर्मचारी’ खोडून ‘पालक’. आमच्या एका सहकाऱ्याची बायको दहा माणसांच्या ऑफिसात काम करते. तिच्या मालकाला पाळणाघराचं कलम लागू नाही आणि आमच्याकडे हा पुरुष, म्हणजे त्या मुलाला कुठेच जागा नाही. एचआरला हे पटवायला मात्र फार वेळ लागला नाही.

चार फेऱ्यांचं वेगळंच नाटक झालं. गेटवर कार्ड लावलं की मशिन मला ‘बाहेर’ दाखवायचं आणि महिन्याच्या शेवटी माझे तास कमी भरायचे. कायद्याने दिलेला वेळ, त्यात विश्रांतीची सुट्टीही धरलेली, आणि तो मशिन कापून घेतंय! हजेरीत वेगळा कोड पडेपर्यंत मी प्रत्येक फेरी वहीत लिहून ठेवत होते.

आता लेक ज्युनियर केजीत आहे. शाळा जेमतेम तीन तासांची. त्यात 2024-25 पासून राज्यात पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं. मुलांची झोप व्हावी म्हणून ठरलं, त्याबद्दल वाद नाही. पण या शाळेचे वर्ग आधी साडेसातला भरायचे, तेव्हा नवरा पहिल्या शिफ्टला जाताजाता तिला सोडू शकला असता, आता ते जमत नाही. सोडायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मी ऑफिसची वेळ अर्धा तास पुढे मागून घेतली. दुपारी पाळणाघरातल्या मावशी तिला शाळेतून घेऊन येतात. सूचनांत वय सहा महिने ते सहा वर्षं आहे, त्यामुळे शाळेतलं मूलही बसतं. शाळेला सुट्टी असली तर आदल्या आठवड्यात कळवायचं, मग दिवसभर ठेवून घेतात.

तुम्हाला मागायचं असेल तर रजेवर जायच्या आधी मागा, तोंडी नको, मेलवर. एकटीने मागू नका, शेजारच्या कंपनीतलीला सोबत घ्या. आणि मेलमध्ये कलमाचा क्रमांक तपासून घाला: हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये कलम 67 म्हणून आली आहे. जुना क्रमांक घातलात तर ‘तो कायदा आता नाही’ एवढंच उत्तर येईल आणि आठवडा फुकट जाईल.