फ्लेक्सच्या जड फाईल्स आणि आमच्या प्रेसचं नेटवर्क : माझा अनुभव

आमची पुण्यात छोटी प्रेस आहे, बाबांनी लग्नपत्रिकांवर सुरू केलेली. आता मागच्या खोलीत फ्लेक्स मशीन, डिझाईनचे चार पीसी, रिपचा (डिझाईन मशीनला छापता येईल अशा रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एक, आणि सगळ्या फाईल्स एका जुन्या पीसीवर शेअर केलेल्या, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. वर्षभर कसंबसं चालायचं पण गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मंडळांची रांग लागते आणि गेल्या वर्षी नेमकं तेव्हाच सगळं अडलं. सेव्ह दाबलं की स्क्रीन पांढरी, नॉट रिस्पॉन्डिंग. एका रात्री कमानीची फाईल सेव्ह होता होता फोटोशॉप बंद पडलं आणि ती फाईल परत उघडेचना. चार तासांचं काम गेलं. आमच्या पोरांनी रात्री बसून पुन्हा केलं, सकाळी मंडळाची मुलं टेम्पो घेऊन दारात. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

आधी वाटलं रॅम कमी पडते. वाढवली, पैसे गेले, फरक शून्य. मग विसर्जन झाल्यावर एका रविवारी बसून मोजलं. सर्व्हरवरून कुठल्याही पीसीवर फाईल कॉपी केली की स्पीड सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईचना. स्विच, म्हणजे सगळे पीसी जोडणारी पेटी, तर गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, मग सर्व्हरवर जाऊन लिंक स्पीड बघितला तर १०० एमबीपीएस! हे मेगाबिट असतात, आठाने भागले की सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी. केबलचं टोक कापून पाहिलं तर वायरिंगवाल्याने आठपैकी चारच तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवलेल्या (क्रिम्प केलेल्या). १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणजे आम्ही चौघं आणि रिप मिळून त्या ११ एमबीत वाटा मागत होतो, आणि मी रॅम बदलत बसलो होतो. नवीन कनेक्टर लावून आठही तारा नीट बसवल्या, कॉपी सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास जायला लागली.

पण खरा फरक पडला तो सवय बदलल्यावर. सर्व्हरवरची फाईल आता कोणीही थेट उघडत नाही. आधी आपल्या पीसीवर ओढून घ्यायची, तिथेच काम, तिथेच सेव्ह, झालं की परत ठेवायची. अडोबी पण हेच सांगतं, फोटोशॉपमध्ये काम लोकल डिस्कवरच करा. यात एक घोळ होतो, दोघांनी एकच फाईल उचलली की शेवटी ठेवणाऱ्याची राहते आणि दुसऱ्याची मेहनत जाते, आमच्याकडे एकदा झालंच. म्हणून मशीनवरच्या काकांनी सुचवलं तसं, फाईल उचलली की सर्व्हरवरची प्रत आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये सरकवायची. चालू कामात दिसली नाही म्हणजे कोणाकडे तरी आहे.

आणि साईज. हे डिझाईन पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी आता हात जोडून सांगतो. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) केला की १८००० बाय ३६००० पिक्सल, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) लेयर नसलेलं नुसतं चित्रच अडीच जीबीच्या वर. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाईल ३०००० पिक्सलच्या पुढे जातच नाही, मोठ्या चित्रांसाठीची पीएसबी करावी लागते. जुन्या केबलवर ती एकदा यायला चार मिनिटं! तोच फ्लेक्स ७२ डीपीआयला सुमारे ६०० एमबी, आणि चौकात वर टांगल्यावर खालून बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. पत्रिका, कॅलेंडर जवळून बघतात, तिथे ३०० च ठेवतो, तिथे तडजोड नको. रिपला लेयरवाली फाईल द्यायची नाही, फ्लॅटन केलेली (सगळे लेयर एकात मिसळलेली), ८ बिटची, एलझेडडब्ल्यू टिफ (चित्र न बिघडवता आकार कमी करणारी टिफ फाईल) द्यायची, लेयरवाली मूळ फाईल वेगळी जपायची, कारण पुढच्या वर्षी तेच मंडळ फक्त तारीख बदलायला येतं.

या वर्षी रात्री एकदाही थांबावं लागलं नाही. बॅकअप मात्र अजून एकाच डिस्कवर आहे, दुसरी घ्यायचीय, दसऱ्याच्या आत लावतोच.