पानगळीचं पातेलं: सफरचंद-दालचिनीपासून वाळा-नागरमोथ्यापर्यंत

न्यू जर्सीत सप्टेंबर सरत आला की खिडक्या बंद व्हायला लागतात आणि माझा सिमर पॉटचा हंगाम सुरू होतो. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: पातेल्यात पाणी, त्यात फळांच्या साली, अख्खा मसाला, हवी तर पानं-मुळं, झाकण न ठेवता मंद आच, वाफेबरोबर वास घरभर. याच कामासाठी दुकानात वासाच्या मेणबत्त्या आणि प्लगला लावायच्या कुप्या मिळतात, पण तो वास तासाभरात डोक्यात चढतो. धूप घालावा म्हटलं तर अपार्टमेंटमधला स्मोक अलार्म तो फार वेळ चालू देत नाही. पातेल्याच्या मंद वाफेला मात्र तो सहसा काही म्हणत नाही.

यंदा दोन गोष्टी बघायच्या होत्या. सगळे जिन्नस एकदम न टाकता ज्याच्या त्याच्या वेळेला टाकले, तर वास किती वेळ चांगला राहतो? आणि दिवाळीसुद्धा पानगळीतच येते, तर तिचा वास याच पातेल्यातून काढता येईल का? दोन्हींचं उत्तर मिळालं, आणि पहिल्याचं मिळालं म्हणूनच दुसरं जमलं.

सप्टेंबरअखेर: इथलं नेहमीचं पातेलं

इथल्या पानगळीचा वास म्हणजे सफरचंद, दालचिनी, लवंग, जायफळ. ऑर्चर्डमधून मॅकिंटॉश जातीची सफरचंदं आणली होती. ही जात लवकर मऊ आणि पिठूळ होते, त्यामुळे खाणारे तिला मागे ठेवतात, पण वासाला मला तीच आवडते. सफरचंदाचा बराचसा वास सालीत असतो, तेव्हा फोडी पाण्यात घालून वाया घालवू नका. गर शिजवून सॉस करा. पातेल्यात साली आणि गाभे पुरतात. फक्त गाभ्यांमुळे पाणी हळूहळू दाट होतं, म्हणून दोन-तीन तासांनंतर ते काढून टाकतो.

माझं मूळ प्रमाण असं: १ लिटर पाणी, २ सफरचंदांच्या साली-गाभे, १ संत्र्याची साल, दालचिनीचे बोटभर लांबीचे २ तुकडे, ६ लवंगा, पाव जायफळ ठेचून, आल्याच्या ४ चकत्या. लवंगा सहाच. सुक्या लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं. इतकं तेल मसाल्याच्या डब्यातल्या फार थोड्या जिनसांत सापडेल. दहा-बारा टाकल्या की घरात दातांच्या दवाखान्याचा वास येतो आणि सफरचंद कुठल्या कुठे जातं.

दालचिनीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे उगाच जातात. अमेरिकेत सिनॅमन म्हणून विकली जाणारी बहुतेक साल ही कॅसिया असते: जाड, कडक, एकाच थराची गुंडाळी. सिलोन दालचिनी म्हणजे कागदासारख्या पातळ थरांची सुरळी, बोटानं दाबली तरी चुरणारी आणि महाग. चहात, खिरीत सिलोनच घालावी. पातेल्याला मात्र कॅसिया जास्त योग्य. तिचा वास तिखट आणि दणकट, दोन-तीन तास उकळूनही उरतो. सिलोनचा नाजूक फुलासारखा वास वाफेत लवकर विरून जातो. इंडियन ग्रोसरीत सालीचे सपाट जाड तुकडे स्वस्तात मिळतात, मी तेच वापरतो.

तमालपत्रही नीट बघून घ्या. इथल्या सुपरमार्केटमधला बे लीफ वेगळ्या झाडाचा. त्याला मधोमध एक शीर आणि तिच्यातून आडव्या फुटलेल्या बारीक शिरा. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन लांब शिरा असतात. पान उजेडात धरलं की लगेच कळतं. इथल्या पानाचा वास निलगिरीकडे झुकणारा, आपल्याचा लवंग-दालचिनीकडे, कारण आपलं पान दालचिनीच्या अगदी जवळच्या नात्यातलं. सफरचंदाच्या पातेल्यात आपलंच घाला.

ऑक्टोबर: कोण आधी, कोण मागून

हा महिना सगळा याच प्रश्नात गेला, आणि मजाही इथेच आली.

सगळं एकदम टाकलं की पहिला अर्धा तास घर संत्र्यानं भरून जातं, नंतर संत्रं गायब होतं आणि उरतो फक्त मसाला. याचं कारण तेलांच्या स्वभावात आहे. संत्र्याच्या सालीतलं तेल बहुतांशी लिमोनिन. ते हलकं, पाण्यावर तरंगणारं आणि उडून जायला उतावीळ. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड पाण्याहून जड. एकटं तापवलं तर लिमोनिन १७६ अंश सेल्सियसला उकळतं, बाकीची दोन्ही २५०च्या आसपास. पाण्यासोबत तापली की मात्र वाफ या सगळ्यांना १०० अंशांच्या आतच बरोबर घेऊन निघते, हलक्याला आधी आणि भरपूर, जडाला सावकाश.

अत्तर काढणाऱ्यांची सगळी विद्या याच तत्त्वावर उभी आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या देगीत फुलं किंवा मुळं आणि पाणी घालून तोंड मातीनं लिंपतात, खाली लाकडं-शेण्यांची आच ठेवतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती जमा करायच्या भांड्यात, उतरून चंदनाच्या तेलात मुरते. कारागिराचं लक्ष सारखं आचेवर. फार तापलं तर वास जळका होतो. आपण ती वाफ अडवत नाही, घरात सोडून देतो, इतकाच फरक. आच मंद ठेवायचं शिक्षण मात्र तिथूनच घ्यावं.

म्हणून आता माझा क्रम असा आहे. गार पाण्यातच दालचिनी, जायफळ, तमालपत्र आणि घालायची असतील ती मुळं. पाणी तापून कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले की पंचवीसेक मिनिटं काहीच करायचं नाही. मग लवंगा, चक्रफूल, सफरचंदाच्या साली. संत्र्याची साल सगळ्यात शेवटी, तीही हप्त्याहप्त्यानं: एक चतुर्थांश आता, पुढची अर्ध्या तासानं, आणि एक वाटा पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधीसाठी राखलेला. टाकण्यापूर्वी साल पातेल्यावर धरून दुमडायची. रंगीत बाजूवरच्या बारीक पिशव्या फुटतात, तिरप्या उजेडात तेलाचा फवारा दिसतो आणि बोटं चिकट होतात. आतल्या पांढऱ्या भागाला जवळपास वास नसतो, त्यामुळे साल जितकी पातळ काढाल तितकी चांगली.

या क्रमानं केलेलं पातेलं तीन तासांनंतरही सफरचंद-संत्र्याचं राहतं. सालीचं प्रमाण वाढवलेलं नाही, तेवढीच साल, फक्त वाटून.

आपल्या नाकावर मात्र विसंबू नका. अर्ध्या तासात नाक त्या वासाला सरावतं आणि आपण उगीच आणखी लवंगा टाकत बसतो. दोन मिनिटं बाल्कनीत जाऊन परत यावं, किंवा बाहेरून येणाऱ्याला विचारावं. आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे. शाळेतून येऊन दारातच ती निकाल देते, "बाबा, आज जायफळ जास्त झालंय." ती सांगेल तसं मी वहीत लिहून ठेवतो, आणि पुढच्या खेपेला ते बदलतो.

मधल्या काळात दोन जिनसा आल्या. क्रॅनबेरी इथल्याच, आमच्या राज्याच्या दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्समध्ये मळे पाण्यानं भरून काढतात ती. दिसायला फार देखणी, वासाला जवळजवळ काही नाही. पातेलं पाहुण्यांसमोर ठेवायचं असेल तरच घालावी. दुसरी जिन्नस मसाला वेलदोडा, म्हणजे मोठी काळी वेलची, आणि हा मात्र यंदाचा शोध. तो निखाऱ्यांच्या धुरावर वाळवलेला असतो, म्हणून त्याच्यात धूर मुरलेला असतो. एकच वेलदोडा जरा ठेचून सफरचंदात टाकला की बाहेर कुठेतरी शेकोटी पेटल्यासारखा वास येतो. दोन टाकू नका, सफरचंदाचं सार झाल्यासारखं वाटतं.

दिवाळीचा आठवडा: उटण्याचं पातेलं

दिवाळीचा वास म्हटलं की मला फराळाच्या आधी उटणं आठवतं. आई अजूनही साताऱ्याला घरीच करते. फोनवर म्हणालो, "आई, उटण्यातलं काय काय अख्खं मिळतं गं?" ती म्हणाली, "अरे, दळायच्या आधी सगळं अख्खंच असतं की! वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, गव्हला कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल. पण तू उकळतोस कशाला?" मग तिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "मग वाळा रात्रीच भिजत घाल, कोरडा वाळा लवकर वास सोडत नाही."

तिचा सल्ला सोन्यासारखा निघाला. संत्र्याची साल दोन्हीकडे आहे, इथल्या पातेल्यातही आणि उटण्यातही, तेव्हा सांधा तिथेच जुळला. तयार उटण्याची पूड पाण्यात घालायची नाही. ती तळाशी बसते, लागते आणि भांडं कायमचं वासाचं होतं. अख्खे तुकडेच हवेत. नागरमोथा आणि कापूरकाचरी जडीबुटी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात मिळाली, वाळा इंडियन ग्रोसरीत पूजेच्या सामानाजवळ.

प्रमाण: १ लिटर पाणी, वाळ्याची सैल मूठभर मुळं (रात्रभर भिजवून, त्याच पाण्यासकट), ठेचलेल्या नागरमोथ्याच्या ५-६ गाठी, कापूरकाचरीच्या ३ चकत्या. हे आधी तासभर मंद आचेवर. मग २ लवंगा, २ हिरवे वेलदोडे उघडून. शेवटी सुक्या गुलाबपाकळ्या चिमूटभर आणि संत्र्याची साल हप्त्यानं. दालचिनी या पातेल्यात मुद्दाम नाही, ती आली की लगेच अ‍ॅपल पायचा वास होतो.

पहिला अर्धा तास फारसं काही येत नाही, धीर सोडू नका. वाळ्याचं तेल जड आणि सावकाश निघणारं. अत्तरवालेही त्याला गुलाबापेक्षा कितीतरी जास्त वेळ देतात. तासाभरानं ओल्या मातीचा, गवताचा, किंचित गोड असा वास उठतो, नागरमोथा त्याला लाकडाची धार देतो आणि कापूरकाचरी वरून थंडावा. त्यावर संत्र्याची साल पडली की अभ्यंगस्नानाची न्हाणी डोळ्यांसमोर उभी राहते. नरक चतुर्दशीच्या पहाटे हेच पातेलं लावलं होतं. मुलगी उठून आली आणि या वेळी तिनं काहीच दुरुस्ती सांगितली नाही.

एक सांगून ठेवतो: खरा कापूर पातेल्यात टाकू नका. तो फार लवकर उडतो, पेट घेतो आणि बंद घरात त्याची मात्रा चटकन जास्त होते. थंडाव्याला कापूरकाचरी पुरेशी आहे.

आच, भांडं आणि बाकीचं

स्टीलचं जाड बुडाचं पातेलं सगळ्यात बरं. नॉनस्टिकमध्ये वास मुरतो. पाणी रटरट उकळू द्यायचं नाही, पृष्ठभाग फक्त हलला पाहिजे. पाणी निम्म्यावर आलं की केटलमधलं गरम पाणी घालावं, गार घातलं की वास मध्येच तुटतो. ओट्यावरचा एक्झॉस्ट बंद हवा, नाहीतर सगळी मेहनत बाहेर. गॅस चालू ठेवून घराबाहेर जायचं नाही, झोपायचं तर अजिबात नाही. ज्यांना जास्त वेळ चालवायचंय त्यांनी लहान स्लो कुकर झाकण काढून वापरावा. त्यात वास मंद येतो पण पाणी लवकर आटत नाही. हीटिंग सुरू झाल्यावर घरातली हवा कोरडी पडते, तेव्हा ही वाफ घशालाही बरी वाटते.

घरात मांजर असेल तर जपून. लवंग, दालचिनी आणि लिंबूवर्गीय तेलं मांजरांच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. तिला दुसऱ्या खोलीत जायला वाट ठेवा, पातेलं थोडाच वेळ लावा आणि उरलेलं पाणी तिच्या तोंडाशी जाऊ देऊ नका. कुणाला दमा असेल तर आधी विचारा.

गाळलेला चोथा डब्यात घालून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. दुसऱ्या दिवशी सफरचंद आणि संत्रं नवीन घ्यावं लागतं, दालचिनी परत चालते. वाळा तर सावलीत वाळवला की पुन्हा दोनदा सहज चालतो, दुसऱ्या खेपेला उलट जास्त मऊ लागतो.

सध्या सालींचा साठा करतोय. नेव्हल संत्री नोव्हेंबरपासून बाजारात चांगली यायला लागतात. साल पातळ काढून ओव्हनमध्ये ९० अंश सेल्सियसच्या आसपास दोन तास वाळवून बरणीत भरतो. सुक्या सालीला ताज्या सालीचा झणका नाही, पण ती लवंगांबरोबर आधीच टाकता येते आणि सावकाश वास सोडते. पुढच्या पातेल्यात सुकी साल तळाला आणि ताजी वरून, अशी जोडी लावून बघणार आहे. गव्हला कचोराही मागवलाय. तो आला की आधी एकटाच पाण्यात उकळून बघेन, मग वाळ्याबरोबर.