आमची वाटचाल : पेंडीच्या दुकानातून नाजूक पोटाच्या कुत्र्यांपर्यंत

बेळगावच्या शहापुरातलं आमचं दुकान मूळचं पेंडीचं. सरकी पेंड, शेंगपेंड, भुसा आणि गोळी पेंड विकून सासऱ्यांनी घर उभं केलं. येळ्ळूर, वडगाव, अनगोळकडचे गवळी आणि शेतकरी हे त्यांचं गिऱ्हाईक. पेंड मागायला कुणी आलं की ते आधी विचारायचे, "म्हैस कितव्या वेताची? दूध किती? शेण कसं टाकते?" उत्तरं मिळाल्यावरच पोत्याला हात लावायचे. आमचा आजचा सगळा धंदा त्यांच्या या सवयीवर उभा आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा कुत्र्याच्या खाद्याची थोडी पाकिटं एका फळीवर असायची. कॅम्पातली लष्करी कुटुंबं ती न्यायची. पुढे टिळकवाडी, हिंडलगा भागात अपार्टमेंट वाढले, लॅब्रेडॉर, पग, जर्मन शेफर्ड घरोघर आले आणि ती फळी मी सासऱ्यांकडून मागून घेतली. आज दुकानाचा मोठा भाग कुत्र्यांचा आहे. पेंड मात्र अजून विकतो. ती बंद करावी असं कधी मनातही आलं नाही.

"आमच्या कुत्र्यास काही सोसत नाही बघा, जरा भारीतलं द्या की," हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकलं असेल. नाजूक पोटाला भारी किमतीचं खाद्य लागतंच असं नाही. त्याला लागतं ते थोडं, साधं आणि रोज तेच. म्हणून आम्ही पाकीट काढण्याआधी सासऱ्यांचेच प्रश्न विचारतो. शी घट्ट की पातळ, दिवसातून किती वेळा? जंताचं औषध कधी दिलं? खाद्य नुकतं बदललं का? आणि घरातलं कोण कोण काय भरवतं?

निम्मं कोडं या शेवटच्या प्रश्नातच सुटतं. आजी चहाबरोबर बिस्कीट देते, मुलं दूध ओततात, रविवारी तांबड्या रश्श्यातली हाडं जातात. सगळं प्रेमाने. पण मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. रश्श्यातल्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा-लसूण त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो, आणि शिजलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं. सणासुदीला आमच्या भागात आणखी एक धोका असतो. कुंदा म्हणजे खवा आणि साखर, त्याने पोट बिघडतं. गोकाकच्या करदंटात, म्हणजे सुक्यामेव्याच्या मिठाईत, बेदाणे असतील तर गोष्ट त्याहून गंभीर, कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे सांगता येत नाही. दिवाळीत हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगते.

शीत रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, मलूल पडलेलं कुत्रं किंवा जुलाब होणारं लहान पिल्लू, यांतलं काहीही असलं तर आम्ही खाद्य विकत नाही, थेट डॉक्टरकडे पाठवतो. पिल्लाच्या बाबतीत पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका असते आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. हा नियम आम्ही सुरुवातीलाच केला. त्या दिवशीची विक्री जाते, पण तीच माणसं पुढे शेजाऱ्यांना घेऊन येतात.

दुसरा निर्णय सुट्या खाद्याचा. उघड्या पोत्यातून किलो-अर्धा किलो मागणारे पुष्कळ होते, कारण नवीन खाद्य मानवतं का हे बघायला मोठं पाकीट परवडत नाही. अडचण खरी होती. पण बेळगावचा पावसाळा आणि त्यातली हवेतली ओल पाहता उघड्या पोत्यातल्या खाद्याची चरबी खवट होते, बुरशी धरते. पेंडीच्या धंद्यामुळे बुरशीचं विष काय करतं ते आम्हाला चांगलं माहीत होतं. आम्ही सुटं बंद केलं आणि कंपन्यांकडून लहानात लहान सीलबंद पाकिटं मागवायला लागलो. त्यात आम्हाला नफा कमी सुटतो, पण तारीख आणि बॅच नंबर गिऱ्हाइकाच्या हातात जातो.

पाकिटावरची घटकांची यादी वाचायला आम्ही काउंटरवरच शिकवतो. पहिला घटक ताजं चिकन असला म्हणून भुलू नये. यादी शिजवण्याआधीच्या वजनाने लावलेली असते आणि ताज्या मांसात सुमारे 70 टक्के पाणी असतं. नाजूक पोटासाठी आम्ही एकच मांस आणि ओळखीचं धान्य असलेलं खाद्य पसंत करतो. धान्य नसलेल्या खाद्याचा आग्रह मला पटत नाही. कुत्र्यांना बाधणाऱ्या पदार्थांत बीफ, दूध आणि चिकन यांची नावं गव्हाच्या आधी येतात, आणि डाळी-वाटाण्यांवर आधारलेल्या अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, 2018 साली सुरू केली. खरी ॲलर्जी आहे की नाही हे ठरवायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली किमान 8 आठवडे ठरलेलं एकच खाद्य द्यावं लागतं. त्या काळात एक बिस्कीटही चालत नाही, आणि घरच्यांना सर्वांत जड जातं ते हेच.

नवीन खाद्य 7 ते 10 दिवसांत आणायचं. आधी चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग तीन हिस्से. शी पातळ झाली तर एक पायरी मागे यायचं. पोट बिघडलं की उकडलेला भात आणि हाडाविना, मिठाविना चिकन चालतं, पण दोन-तीन दिवसच. त्यात कॅल्शियम आणि इतर सत्त्वं पुरेशी नसतात, त्यामुळे तो कायमचा आहार होऊ शकत नाही.

खाऊ द्यायची हौस मात्र कुणाची सुटत नाही, आणि सुटावी असं मलाही वाटत नाही. दिवसाच्या उष्मांकांपैकी 10 टक्क्यांच्या आत खाऊ असावा. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात, म्हणजे दोन-तीन ग्लुकोज बिस्किटांत तो वाटा संपतो. यावरूनच आमच्या स्वतःच्या मालाची कल्पना सुचली. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडची तांबडी माती रताळ्याची. नवरात्राच्या सुमारास गाड्याच्या गाड्या भरून रताळी बाहेर जातात. शेतकरी आमच्या ओळखीचेच. रताळी उकडून, पातळ काप करून, मीठ-साखर-तेल काही न घालता आम्ही ती ड्रायरमध्ये सुकवतो. उन्हात वाळवायचा विचार सोडून दिला, कारण परतीचा पाऊस सांगून येत नाही. रताळ्यात तंतू असतात, म्हणून पहिल्या दिवशी नखाएवढाच तुकडा द्या असं प्रत्येक पाकिटावर छापलं आहे.

सोबत एक कार्ड देतो, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पुष्कळ घरांत खाद्य आणतात मालक, पण वाडगं भरतो मळ्यावरचा गडी किंवा स्वयंपाकाच्या मावशी, आणि त्यांची भाषा कन्नड असते. किती वाट्या, किती वेळा, काय मुळीच द्यायचं नाही, एवढंच त्यावर आहे. चिक्कोडी आणि खानापूरकडचे लोक ते कार्ड गोठ्याच्या भिंतीला चिकटवतात.

सध्या आम्ही नाचणी आणि अंड्याचा खाऊ करून बघतोय, पण डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय तो फळीवर येणार नाही. तुम्ही दुकानात येताना चालू खाद्याचं पाकीट आणा, रिकामं असलं तरी चालेल, आणि मोबाइलमध्ये शीचा फोटो असू द्या. संकोच करू नका. आम्ही पेंडवाले आहोत, आम्हाला त्याची सवय आहे.