तुम्ही विचारलंत म्हणून: खाऱ्या टाकीत मॉली कशी जगते?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण टाकीपुढे थबकतो आणि विचारतो, "ही काळी मॉली ना? गोड्या पाण्यातली? मग या समुद्री माशांत कशी काय?" माझं उत्तर अर्ध्यावर असतानाच पुढचा प्रश्न येतो, "मग आमचा गोल्डफिशही चालेल की!"

गोल्डफिशचं आधी सांगून टाकते. नाही चालणार. निऑन टेट्राही नाही. कितीही हळूहळू सवय लावा, समुद्राच्या पाण्यात ते मरतात, आणि फार हाल होऊन मरतात.

मॉलीचं कूळच वेगळं. तिचे रानटी भाईबंद अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून मेक्सिकोपर्यंत खाजणांत आणि नदीमुखांत राहतात. भरती आली की पाणी खारं, पाऊस पडला की गोडं. दोन्हींत निभावून न्यायची सोय त्यांच्या अंगातच आहे. दुकानातली काळी मॉली माणसाने संकरातून घडवलेली, पण ती सोय तिच्यातही उतरली आहे.

सोय आहे, पण ती लगेच सुरू होत नाही. हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हाचं सांगते. "मॉलीला काही होत नाही, बिनधास्त सोडा," असं दुकानदार म्हणाला. मी पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, तापमान जुळलं, आणि चारही मॉली सोडल्या. त्या खाली जाईनातच. खारं पाणी जड, त्यामुळे अंग आपसूक वर उचललं जात होतं. डोकं खाली, शेपटी वर अशा त्या जिवाच्या आकांताने पर मारत होत्या, आणि थांबल्या की पुन्हा पृष्ठभागावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गेलेल्या होत्या. डोळे आत गेलेले, पोट खपाटीला. पाण्यात राहून त्या अक्षरशः वाळल्या होत्या.

पाण्यात मासा वाळतो कसा? कोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच. माशाच्या रक्तातला खारेपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. गोड्या पाण्यात मासा भिजत घातलेल्या बेदाण्यासारखा असतो: पाणी सारखं आत शिरतं. म्हणून तो पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांतून मीठ आत ओढून घेतो. समुद्रात सगळंच उलटं. पाणी अंगातून बाहेर पळतं. मग समुद्राचं पाणी प्यायचं, त्यातलं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींनी बाहेर फेकायचं, लघवी अगदी थोडी करायची. त्या पेशींना हे उलटं काम अंगवळणी पडायला काही दिवस लागतात. मी अर्धा तास दिला होता.

आता मी १२ दिवस घेते. ४० लिटरची वेगळी टाकी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणून रोज लिटरमागे ३ ग्रॅम चढवायचं, म्हणजे ४० लिटरला १२० ग्रॅम. तेही टाकीतलं थोडं पाणी काढून त्यात आधी पूर्ण विरघळवून. माशांच्या अंगावर कोरडं मीठ कधीही टाकायचं नाही. आणि मीठ सागरी टाकीसाठी मिळतं तेच, कारण स्वयंपाकघरातल्या मिठात माशांना लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या प्रमाणात नसतं. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे हवेचा पंप चालू हवाच. एखादी मॉली पर मिटून कोपऱ्यात बसली, तर त्या दिवशी मीठ वाढवायचं नाही. ठरलेल्या दिवसांपेक्षा मासा काय सांगतोय ते महत्त्वाचं.

हे खरं तर मी लहानपणी पाहिलेलं होतं. माझं आजोळ पेणजवळ. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून मामा गावच्या तळ्यात सोडायचा. पण थेट नाही. पिल्लांच्या हंड्यात तळ्याचं पाणी तांब्या-तांब्याने घालत, मधे विडी ओढत, तास-दोन तास बसून राहायचा. जिताड्याचा जन्म खाऱ्या पाण्यातला, वाढ गोड्या पाण्यातही होते. गोव्यातलं काळुंदर, म्हणजे केरळचं करिमीन, तेही असंच खाडीच्या मचूळ पाण्यातलं.

म्हणून मला खरी कळकळ वाटते ती उलट्या बाजूची. ठिपक्यांचा स्कॅट, चांदीसारखा चमकणारा मोनो, हिरवा पफर हे मचूळ पाण्याचे मासे दुकानांत सर्रास गोड्या पाण्यात ठेवून विकतात. पिल्लं काही महिने तग धरतात, मग अंगावर बुरशी, खाणं बंद. घेणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. त्यांना मीठ हवं असतं, एवढंच. मासा घेताना किमतीच्या आधी विचारा: हा कुठल्या पाण्यातला? दुकानदाराला सांगता आलं नाही, तर घरी येऊन शोधा आणि मग घ्या. मोनो तर वाढत्या वयात पूर्ण समुद्राच्या पाण्यातच जास्त खुलतो.

त्या पहिल्या चारांतली वाचलेली मॉली दोन वर्षं जगली. आज टाकीत आहेत त्या नंतरच्या. दगडांवरचं हिरवं शेवाळ दिवसभर खुडत असतात, आणि पिल्लंही इथेच होतात. ही पिल्लं जन्मापासून खारी. कुणी मागितली तर मी ती खाऱ्या पाण्यातच पिशवीत भरून देते आणि वर चिठ्ठी चिकटवते: गोड्या टाकीत सोडणार असाल, तर १२ दिवस.