प्रश्नातच उत्तर लिहून देऊ नका

पुण्यात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्यांना ‘पीबीएल’ म्हटलं की प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग, म्हणजे प्रोजेक्टच आठवतो. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात, तो पहिल्या वर्षालाच होता. प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग, म्हणजे प्रश्नापासून सुरू होणारं शिकणं, हेही ‘पीबीएल’च, पण वेगळं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणात आणलं : आधी रुग्णाची तक्रार, मग पुस्तक. नवं शोधायला शिकवायचं तर हाच क्रम हवा, आणि तो बहुधा पहिल्याच तासाला मोडतो.

‘भाजीवाल्यांसाठी सोलर शीतपेटी बनवा’ असा विषय दिला की शोधायला काही उरत नाही. मुलं थेट बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सेन्सर घेऊन येतात. त्याऐवजी एवढंच द्या : मंडईत सकाळी ताजी असलेली मेथीची जुडी दुपारी कोमेजते, भाजीवाल्या मावशी पाणी शिंपडतात तरीही.

गट सहा ते आठ जणांचा. पहिल्या दोन तासांत फक्त बोलायचं : नेमकं काय होतंय, का होत असावं, आपल्याला काय माहीत नाही. शेवटी फळ्यावर तीन-चार अभ्यासाचे मुद्दे उरले पाहिजेत. ते वाटून घेऊ देऊ नका. सगळ्यांनी सगळे वाचायचे. वाटले की पुढच्या बैठकीत चर्चा होत नाही, प्रत्येक जण आपापला तुकडा वाचून दाखवतो.

मग मोजमाप. सारख्या वजनाच्या दोन जुड्या, एक उघडी, एक ओल्या गोणपाटाखाली, दर अर्ध्या तासाने वजन. इथे हमखास चूक होते. पानांवरचं पाणीही काट्यावर चढतं आणि गोणपाटाखालची जुडी ‘वाढलेली’ दिसते. वजनाआधी पानं फडक्याने टिपून घ्यायला हवीत, पण हे सांगू नका. आकडा विचित्र आला की गट स्वतःच थांबतो, आणि मला वाटतं सगळ्या सत्रातला सर्वांत मोलाचा तास तोच. पुढे दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओलं फडकं; पाणी उडून जाताना ते टोक थंड होतं. मे महिन्यात दोघांत मोठा फरक पडतो, जुलैच्या दमट हवेत अगदी थोडा. म्हणजे उन्हाळ्यात चालणारी युक्ती पावसाळ्यात थंडावा देणार नाही, उलट ओली पानं सडतील. हे कळल्यावर गट जे सुचवेल ते ऐकण्यासारखं असतं.

टर्म वर्कचे, म्हणजे सत्रभराच्या कामाचे, गुण मॉडेलवर ठेवलेत तर मुलं विकतचं मॉडेल आणतील. टाकून दिलेल्या कल्पना आणि त्या का टाकल्या याची नोंदवही तपासा. तयार वस्तू आठवडाभर मावशींकडे ठेवा. त्यांनी ती तिसऱ्या दिवशी बाजूला सारली, तर कारण विचारून लिहून आणणाऱ्या गटाला चालत्या मॉडेलइतकेच गुण द्या.